नहरीच्या दोन फांद्या

“…मग सटवाजी बागेकडच्याच फांदीत आहे, हे कशावरून?” रोशनशाह फकिरानं विचारलं.

मृणालनं मान वर केली नाही. समोरच्या पडद्यावर प्रतिध्वनीची रेघ थरथरत होती.

दर्ग्याखालून एकेकाळी पाणी नेणाऱ्या भुयारी नहरीतून आवाज कसा फिरतो, हे ती दोन वर्षं मोजत होती. नहरीची वाट तिला या फकिरानंच दाखवली होती. आता मात्र आपल्याला त्याच्यापेक्षा जास्त कळतं, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

सकाळी गाळ काढायला उतरलेला सटवाजी माती ढासळून आत अडकला होता. मृणालनं नहरीच्या तोंडातून आवाज सोडला. तो साठ फुटांवर आपटून परत आला. पण चाळीस फुटांवरच नहर दुभंगत होती. एक फांदी बागेकडे, दुसरी हौदाकडे.

बागेकडची वीट कच्ची आहे, तिकडेच खणा, असं तिनं सांगितलं. माणसं कामाला लागली. तास उलटला. अजून नुसती मातीच निघत होती. सटवाजीची बायको तोंडाला पदर लावून कडेला बसली होती.

“कशावरून?” फकिरानं पुन्हा विचारलं.

“माझं गणित आहे, बाबा.”

“गणितानं फांदी सांगितली?”

परतलेला आवाज किती लांबून आला एवढंच सांगत होता. कुठल्या फांदीतून, ते नाही. हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

फकीर उठला. घोंगडी हौदात बुचकळून बागेत गेला आणि नहरीचं तिथलं तोंड ओल्या घोंगडीनं दाबून धरलं. आवाज सोड, म्हणून हातानं खुणावलं.

तिनं सोडला. रेघ बदलली.

त्यानं घोंगडी काढली. रेघ पुन्हा पहिल्यासारखी झाली.

बागेच्या टोकापर्यंत आवाज मोकळा जात होता. तिकडे काही ढासळलेलंच नव्हतं.

“हौदाकडे खणा,” ती कशीबशी म्हणाली.

अर्ध्या तासानं सटवाजीला बाहेर ओढलं. श्वास चालू होता. बायको त्याच्या पापण्यांवरची माती पदरानं टिपत राहिली.

मृणाल फकिरासमोर येऊन उभी राहिली.

“तुम्हाला आधीच ठाऊक होतं ना, बाबा? मग तासभर खणू का दिलंत?”

फकीर घोंगडी पिळत होता.

“ठाऊक आहे असं वाटलं असतं, बेटी… तर मीही तुझ्यासारखा तिथंच खणत बसलो असतो.”