एलायसने काय काय सोडलं

“आता आणखी काय सोडू, बाबा?”

एलायसचा आवाज चढला होता. शिडवा भगत विडी ओढत राहिला. वारल्यांचा हा म्हातारा एक नंबरचा चिवट; बोलायचं नसलं की ब्रह्मदेव आला तरी बोलायचा नाही.

एलायस वसईचा. फादर व्हायला निघाला होता, तो सेमिनरी अर्ध्यावर सोडून या डोंगरातल्या पाड्यावर आला. माती हाच देव, मातीतल्या माणसाला न्याय हीच प्रार्थना, हे त्याला मनापासून पटलं होतं. त्यात खोट नव्हती. पण नव्या भक्ताचा उत्साह, काय सांगावं! कणसरी ही धान्याची देवी. तिला दाखवल्याशिवाय पाड्यात कुणी नवा भात खात नाही. हा पठ्ठ्या दुकानातला बिस्किटाचा पुडासुद्धा तिला दाखवूनच फोडायचा. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

आज मात्र कुणी हसत नव्हतं. उद्या सकाळी देवाच्या डोंगरावर खडीच्या खाणीचे पोकलेन चढणार होते. सगळा पाडा वाटेत आडवा बसणार होता. पोलीस येणार, हेही कळलं होतं.

एलायसने गळ्यातला क्रूस काढून वाघदेवाच्या कोरीव फळीपुढे ठेवला. घर सोडलं, चर्चची मिस्सा सोडली, आज हाही सोडला, म्हणाला. आता मला तुमच्यातला करून घ्या.

भगताने क्रूसाकडे पाहिलं. हात लावला नाही.

“उद्या बसशील?”

“बसेन की. मागे बसतो, घोषणा देतो...”

“पुढे.”

एलायसचा चेहरा पडला.

खाण त्याच्या सायमनकाकाची होती. पाड्यात सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याच्यासमोर कुणी विषय काढला नव्हता. वडील गेल्यावर याच काकाने त्याला सांभाळलं, शिकवलं. उद्या काका स्वतः येणार होता.

“त्यांचं मीठ खाल्लंय, बाबा. त्यांच्या तोंडावर नाही म्हणायला माझी जीभ रेटणार नाही.” त्याला रडू फुटायच्या बेतात होतं. “दुसरं काहीही सांगा. उपास सांगा. नाव बदलू...?”

भगत उठला, जवळ आला.

हनुवटीला धरून त्याने एलायसचं तोंड वर केलं.

“देव एका झटक्यात सोडलास. काका सुटेना?”