शेठजींच्या मार्फत

एकदा एक कापडाचे व्यापारी एका वृद्ध आचार्यांकडे आले. आचार्य गावातल्या मठाचे ग्रंथभांडार सांभाळत असत. तिथे हजारावर पोथ्या होत्या, आणि कोणतीही मागितली तरी आचार्यांचा हात नेमका तिच्यावरच पडत असे. शेठजींनी त्यांना वाकून नमस्कार केला आणि सांगितले की आपल्या घरात कागद फार साठले आहेत, टपाल तर रोज येतच असते, तेव्हा आपण एकदा येऊन त्याला काही शिस्त लावून द्यावी. दुसऱ्या दिवशी सकाळी आचार्य आपल्या शिष्याला घेऊन त्यांच्या घरी गेले.

माजघरात पितळी कड्यांचा सुरेख झोपाळा होता. त्यावर वर्षानुवर्षे कोणी बसले नव्हते, कारण तिथे कागद बसले होते. लग्नपत्रिका, विजेची बिले, वेष्टनही न सोडलेली मासिके, मुलांच्या जुन्या गुणपत्रिका, आणि या सगळ्यांत अधूनमधून न फोडलेली पाकिटे. झोपाळ्यावर मावेनात तेव्हा ते खाली उतरून पार भिंतीपर्यंत गेले होते. शेठजी हा पसारा मोठ्या अभिमानाने दाखवत होते. पत्रिकेवर गणपती असतो, तो फेकायचा कसा? अक्षर म्हणजे सरस्वती, ती केरात कशी घालायची? आमच्या घरातून कागदाचा कपटा बाहेर जात नाही, असे ते म्हणाले. बोलता बोलता त्यांचा पाय निळ्या शिक्क्याच्या एका पाकिटाला लागला. त्यांनी लगबगीने वाकून ते उचलले, कपाळाला लावले आणि होते तसे बंदच पुन्हा ढिगावर ठेवले.

शिष्य अगदी भारावून गेला. एवढे संस्कार हल्ली कुठे पाहायला मिळतात, असे त्याला वाटले. तुम्हाआम्हालाही तसेच वाटले असते, कारण असल्या नमस्कारांना आपण फार लवकर भुलतो.

तेवढ्यात माजघराच्या दाराशी एक म्हातारी येऊन उभी राहिली. तिचे नाव तान्हुबाई. या घरची भांडी ती वीस वर्षे घासत होती. चौकटीला हात लावून, मान थोडी तिरपी करून तिने विचारले, "मालक, माजं पत्र आलं का?"

शेठजी रागावले नाहीत. मला राग येतो तो याचाच. ते अगदी गोड आवाजात म्हणाले, आले असेल तर घरातच असणार, जाते कुठे, सवडीने बघू.

आचार्यांनी विचारपूस केली तेव्हा सगळे कळले. तान्हुबाईंच्या डोळ्यांत काचबिंदू झाला होता. डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणी झाली होती आणि शस्त्रक्रियेची तारीख पत्राने कळवू, असे सांगितले होते. तिच्या वस्तीत घरांना नंबर नव्हते, म्हणून तिने पत्ता दिला होता शेठजींच्या मार्फत. पत्राची वाट ती संक्रांतीपासून पाहत होती. आता वैशाख चालू होता.

आचार्य पुढे झाले. त्यांनी झोपाळ्यावरचे थोडे कागद बाजूला सारून एका माणसापुरती जागा केली आणि तान्हुबाईंना तिथे बसायला सांगितले. ती घाबरली. मालकांच्या झोपाळ्यावर आपण कधी बसत नाही, असे म्हणाली. "आज बसा, बाई. माझ्यासाठी बसा," असे आचार्य म्हणाले, तेव्हा ती अंग चोरून बसली. मग आचार्य शेठजींकडे वळले. "यांनाही तुमच्याकडे आलेला एक कागदच समजा. नमस्कार करा, आणि सवडीने बघा." एवढे बोलून ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

शिष्याला हे मुळीच आवडले नाही. आधीच पिचलेल्या एका म्हातारीला असे अवघडून बसवण्यात कसले शहाणपण, असे त्याने स्पष्ट विचारले. आचार्यांनी त्याला थांबायला सांगितले.

आत शेठजींची मोठी पंचाईत झाली. त्यांनी चहा मागवला, पण तो तसाच निवून गेला. पेढीवर जायला निघाले, तर वाटेत ती बसलेली. ती काही मागत नव्हती, नुसती समोर बघत होती. शेवटी ते ओट्यावर आले आणि म्हणाले, "महाराज, आणखी किती वेळ तिला तसं बसवून ठेवायचं? बघवत नाही."

आचार्यांचा आवाज चढला नाही, पण त्यात धार होती.

"अर्धा तास झाला नाही, तर तुम्हाला बघवेना. शेठजी, ती आज बसलेली नाही. किती महिने झाले, ती तिथेच बसली आहे, तुमच्या त्या ढिगात. दवाखान्याने तिला हाक मारली असेल, तर ती हाक तुमच्याच दारी आली असणार. तुम्ही तिला नमस्कार केलात आणि बाजूला ठेवलीत. अक्षराला सरस्वती म्हणता, मग तिचं तोंड बांधून ठेवण्याला काय म्हणायचं? कागदाला पाय चुकून लागतो. कागद न वाचणं चुकून होत नाही, ते रोज नव्याने करावं लागतं. माझ्या भांडारात पोथी सापडते, कारण तिथलं प्रत्येक पान मी एकदा तरी वाचलं आहे. याहून वेगळी शिस्त मला येत नाही."

शेठजी खाली मान घालून आत गेले आणि जमिनीवर बसले. शिष्यही शेजारी बसला. एकेक कागद उघडून वाचायचा, कोणाचा आणि काय मागतो ते पाहायचे, मगच खाली ठेवायचा, असे चालले. दुपारी लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात दवाखान्याचे पहिले पत्र सापडले. आचार्यांनी ते शेठजींनाच मोठ्याने वाचायला लावले. डाव्या डोळ्याचा आजार वाढला आहे, महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी शस्त्रक्रियेसाठी यावे, उशीर झाल्यास गेलेली नजर परत येत नाही, असे त्यात होते.

तान्हुबाईंनी डाव्या डोळ्यावर हात ठेवला. "होळीपासनं ह्यो काळाच हाय," ती म्हणाली. मग म्हणाली, "म्हंजे बोलावलं हुतं मला. मला वाटलं, गरिबाला इसरले."

शेठजींना पुढे वाचवेना. पण दुसरे पत्रही होते. निळ्या शिक्क्याचे तेच पाकीट, सकाळी कपाळाला लावलेले. आपण आला नाहीत, निदान उजव्या डोळ्यासाठी सोमवारी यावे, असे त्यात लिहिले होते, आणि तारीख परवाचीच होती. त्या दिवशी शनिवार होता.

शेठजी गहिवरून म्हणाले की सोमवारी आपण स्वतः तिला घेऊन जाऊ, आणि पत्र जपून ठेवण्यासाठी त्यांनी कपाट उघडले. तान्हुबाईंनी हात पुढे केला.

"मालक, ह्यो कागद माज्यापाशीच ऱ्हाऊ द्या."

तिने तो घडी करून कनवटीला खोचला आणि झोपाळ्यावरून उतरली. संध्याकाळी आचार्य आणि शिष्य परतले. मठात पोचताच शिष्याने आपल्या गादीखालचे, गेल्या महिन्यात आलेले आईचे पत्र काढले आणि उभ्याउभ्याच फोडले.

आपणही आज टीपॉयवरचा तो ढीग उचलू या, आणि त्यात कोणी बसून राहिलेले आहे का, तेवढे पाहू या.