धनेशाची भिंत

न विचारता न्याय करायची काहींना फार घाई असते. फार पूर्वी एका रानातही ती होती.

वडाच्या ढोलीचं तोंड कुणीतरी मातीने लिंपलेलं साळुंकीने पाहिलं. बारीक फटीतून धनेश पक्षी बायकोला उंबरं भरवत होता.

"बायकोला कोंडून वर लाड करतोस?" साळुंकी कडाडली. तिने सुतारपक्ष्याला बोलावलं. "फोड ती भिंत."

सुतारपक्ष्याने चोच उगारली, मग थांबून फटीशी वाकला. "वहिनी, मला यातलं काही कळत नाही. फोडू का?"

"नको हो भाऊजी," आतून आवाज आला. "मीच लिंपलीय. आत अंडी आहेत, बाहेर साप फिरतो."

साळुंकीची मान खाली गेली. "मला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

फांदीवरची खार हळूच म्हणाली, "मी तर गेल्या वर्षी वहिनी बरेच दिवस दिसल्या नाहीत, तेव्हा त्या वारल्या समजून रडूनसुद्धा घेतलं."