उतावीळ हातांची राणी

एका राज्यात उत्पला नावाची राणी होती. बुद्धीनं तल्लख, मनानं चांगली, पण हातानं उतावीळ. मुदपाकखान्यात आचारी फोडणी देऊ लागला की राणी मागे हजर. "असं नव्हे, आण इकडे!" म्हणून पळी तिच्या हाती. सेनापतीचा नकाशा ती पुसून नव्यानं काढी, माळ्याची कलमं सोडून पुन्हा बांधी. काम चोख होई, हे खरंच. पण लोक हळूहळू अर्ध्यावर थांबू लागले. पुरं करून उपयोग काय, शेवटी राणीच करणार!

एकदा कूटपाद नावाचा मायावी दरबारात आला. रिकाम्या परातीत त्यानं छडी फिरवून कमळ फुलवलं. कमळ जरा डावीकडे कललं. राणी सिंहासनावरून उठली. "असं नव्हे, आण इकडे!" म्हणत तिनं त्याची छडी ओढून घेतली.

मायावी शांतपणे म्हणाला, "राणी, यापुढे ज्याच्या हातचं काम हिसकावशील, त्याचे हात लाकडाचे होतील."

एवढं बोलून तो परात काखोटीला मारून चालता झाला.

पण जित्याची खोड! आचाऱ्याचे हात सागाचे झाले, सेनापतीचे शिसवाचे, माळ्याचे बाभळीचे. राणी एकटीच चूल पेटवी, वेशीचे दरवाजे उघडी, घोड्यांना दाणा घाली, आणि वर म्हणे, "बघा, सगळं मलाच करावं लागतं."

राणीला एकच मुलगी, शाल्मली. उद्याची राज्याची धनीण तीच. दसऱ्याला ती महाद्वारावर तोरण बांधत होती. तोरण वाकडं झालं. राणीनं जीभ चावली, पण हात आधीच पुढे गेला होता. तोरण राणीच्या हाती आलं आणि शाल्मलीचे हात कोपरापर्यंत आंब्याच्या लाकडाचे झाले.

"आईसाहेब," ती म्हणाली, "आता मी राज्य कशानं करू?"

राणी ओक्साबोक्शी रडली.

मग लेकीला घेऊन ती अरण्यात गेली. तिथं धनेश पक्ष्याची एक शहाणी मादी झाडाच्या ढोलीत राहत असे. ढोलीचं तोंड तिनं आतून लिंपून घेतलं होतं. फटीतून चोच तेवढी बाहेर.

"पक्षीराणी, उःशाप सांग," राणी म्हणाली.

"तीन कामं कर. दुसऱ्याच्या हातचं मुकाट्यानं खा. दुसऱ्यानं वल्हवलेल्या नावेतून नदी ओलांड. आणि कूटपादाच्या कोरड्या विहिरीत उतर. दोर मात्र तिनं बांधावा, जिच्या हातचं काम तू शेवटी हिसकावलंस. गाठ तू पाहायची नाहीस. तळाला पाय टेकले की शाप सुटेल."

"लाकडी हातांची गाठ? मी मरेन!"

"पिलं मोठी होईपर्यंत मी इथं कोंडलेली. नर आणतो तेच खाते. कधी किडकं उंबरही आणतो. अजून मेले नाही."

राणी लेकीसह निघाली. नदीकाठी नावाड्यानं भाकरी दिली. एका बाजूनं कोळसा, दुसऱ्या बाजूनं कच्ची. राणीनं डोळे मिटून गिळली. मग नाव निघाली ती प्रवाहात गरगर फिरू लागली. राणी स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसली. संध्याकाळी कधीतरी पैलतीर लागला.

विहिरीचा तळ दिसत नव्हता. काठावर वडाचं झाड होतं. राणी पाठ फिरवून उभी राहिली. मागे लाकडावर लाकूड खटखटत होतं. मुलगी दातांनी वडाभोवती दोर ओढत होती, धापा टाकत होती. राणीच्या ओठांवर शब्द आले, "आण—" तिनं ते गिळले. भाकरी गिळणं सोपं होतं.

ती उतरू लागली. अर्ध्यावर गाठ सरकली. दोर कचकन हातभर खाली आला, आणि राणीनं भिंतीतला दगड गच्च धरला. आता दगडांना धरून वर चढता आलं असतं. तिला ते जमलंही असतं.

"आईसाहेब," वरून आवाज आला, "दगड सोडा. मी धरलं आहे."

"कशानं धरलंस?"

"ते मी पाहीन."

राणीला भीती वाटली, फार भीती वाटली. तिनं दगड सोडला.

दोर ताणला, थरथरला, आणि टिकला. राणी हळूहळू खाली गेली. पाय तळाला टेकले. तेव्हा तिकडे मुदपाकखान्यात आचाऱ्यानं पळी उचलली, सेनापतीनं मिशी पिळली. आणि विहिरीच्या काठी, वडाला दोराचा वेढा घालून, दात ओठ खात उभ्या असलेल्या मुलीचे हात रक्तामांसाचे झाले. त्याच हातांनी तिनं आईला वर ओढलं.

राणीनं त्या हातांवर पडलेले वळ पाहिले, त्यांवर कपाळ टेकलं. गाठ मात्र पाहिली नाही.

दोघी घरी आल्या. शाल्मलीनं तोरण पुन्हा बांधलं. याही वेळी वाकडंच झालं. राणी हात पाठीमागे धरून उभी होती. "झालं?" तिनं विचारलं.

"झालं," मुलगी म्हणाली.

आणि दोघी त्या तोरणाखालून आत गेल्या. तोरण वाकडं, दार उघडं, कहाणी पुरी.