दुभाष्याचं शेवटचं काम

निंबगिरी संस्थानच्या दिवाणांनी कायदा काढला : ‘सरकारी खर्चानं कुणाचीही खास सोय होणार नाही.’ सगळे समान, असं ते मिशीवर ताव देत म्हणाले. पहिली गदा आली ती दरबारचा दुभाष्या मल्लाप्पा याच्यावर. सीमेवरच्या कानडी विणकरांची गाऱ्हाणी तोच मराठीत सांगायचा.

“साहेब, मी गेलो तर त्यांचं म्हणणं दरबाराला कळणार कसं?” त्यानं विचारलं.

“त्यांना फुकटच्या सोयीची चटक लागलीय,” दिवाण म्हणाले. “जाता जाता एक काम कर. वाड्यात जिथं जिथं ‘खास’ दिसेल, तिथं कुलूप ठोक.”

“शब्दशः?”

“अगदी शब्दशः!”

मल्लाप्पाचा जन्म शब्दांतच गेलेला. तो कामाला लागला.

दुसऱ्या दिवशी दुपार टळली तरी महाराजांचं ताट येईना. त्यांच्या पोटात कावळे ओरडू लागले, तेव्हा ते स्वतःच दिवाणांना घेऊन निघाले. बघतात तर ‘खास मुदपाकखाना’ अशा पाटीखाली भलंमोठं कुलूप, शेजारच्या ‘खास पालखीखान्या’लाही कुलूप, आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन मल्लाप्पा पायरीवर बसलेला.

“मूर्खा!” दिवाण कडाडले. “ही काय सोय आहे? ही महाराजांची गरज आहे, गरज!”

मल्लाप्पानं उठून मुजरा केला.

“माफी असावी, साहेब. विणकरांची गरज म्हणजे सोय आणि वाड्यातली सोय म्हणजे गरज, एवढं भाषांतर मात्र मला आजवर जमलं नाही.”

महाराजांना ते उपाशीपोटी लगेच समजलं.