आठ चक्रांची चेन आणि तीन गाठी

आंबेदरा गावात केरबा नावाचा एक भोळा राहत होता. भोळा हा मूर्खाला तोंडावर म्हणायचा शब्द. माघारी गाव त्याला काय म्हणे, ते इथे लिहिण्यासारखं नाही. वय चाळीस, मिशा भरदार, खांद्यावर उपरणं. सांगितलेलं काम त्यानं कधी टाळलं नाही, हीच त्याची खोड. आळशी मूर्ख एकवेळ परवडतो. कामसू मूर्ख घरादाराला बुडवतो.

कुणी अक्कल शिकवली की केरबा उपरण्याला एक गाठ मारी. गाठ मारली की ती गोष्ट तो जन्मात विसरत नसे. फक्त ती कुठे वापरायची, एवढंच त्याला कळत नसे.

त्याची बायको मुक्ता मात्र हुशार. गावची आशाताई. गिअरच्या सायकलवरून सहा वाड्या फिरायची, पोरांना डोस पाजायची. अशी बाई केरबाच्या वाट्याला कशी आली? पत्रिका जुळली होती म्हणे. जुळवणाराही आंबेदऱ्याचाच होता.

आता शर्यतीचं सांगतो. घाटमाथ्यावर म्हसोबाचं देऊळ आहे. जत्रेला आंबेदरा आणि निगडवाडी या दोन गावांच्या बायकांची सायकल शर्यत लागते, पायथ्यापासून देवळापर्यंत. पूर्वी ती पुरुषांची असे, पण दर वर्षी मारामारीतच संपे, म्हणून बायकांची ठेवली. शेवटाला देवाचा धागा आडवा धरतात. जी धागा तोडेल ती पहिली, आणि तिच्या गावाला वर्षभर देवाची काठी ठेवण्याचा मान. चार वर्षं काठी निगडवाडीत होती. गेल्या वर्षी मुक्ता शेवटच्या वळणापर्यंत पुढे होती, तिथं झिजलेली चेन घसरली आणि निगडवाडीची रखमा पुढे निघून गेली. त्या दिवसापासून मुक्तानं एकच ध्यास घेतला होता. या वर्षी तो धागा आपण तोडायचा.

आणि शर्यत पाच दिवसांवर आली असताना, मंगळवारी, तीच चेन दोन ठिकाणी तुटली आणि तिचे दोन तुकडे झाले.

मुक्ताला त्या आठवड्यात डोसाचं काम, तेही पायी. तालुक्याला जायला फुरसत नाही. बुधवारी सकाळी तिनं नवऱ्याला हाक मारली. इथून पुढचं सगळं तिच्या नशिबाचं.

"अहो, तालुक्याला जावा. दस्तगीरचाचांच्या दुकानातनं सायकलची चेन आणा. चांगली मजबूत बघून घ्या. घाट चढायचाय."

"आणतो की."

दस्तगीरचाचांनी दहा प्रकारच्या चेनी समोर टाकल्या आणि विचारलं, "मागं चक्रं किती?"

"ते मला न्हाई सांगितलं. मजबूत द्या."

केरबानं एकेक चेन दाताखाली धरून पाहिली. सगळ्यात जाड होती ती उचलली. ती होती दूधवाल्याच्या साध्या सायकलची, मागं एकच चक्र असतं तिची. चाचा म्हणाले, "भाऊ, गिअरला ही चालत न्हाई." केरबा म्हणाला, "तुम्हाला घाट चढायचाय का आमच्या मंडळींना?" चाचांनी चेन कागदात बांधून दिली.

घरी मुक्तानं ती चेन चढवून पाहिली. ती दोन चक्रांच्या मधे बसेचना. एका चक्रावर टाकली की शेजारच्याला घासे.

"अहो, गिअरला जाड चेन कशी चालंल? मागं जितकी चक्रं जास्त, तितकी चेन बारीक लागते. त्या दोघांचं जमलं पायजे. आधी मोजावं, मग मागावं. कळलं का?"

"कळलं." केरबानं उपरण्याला गाठ मारली.

मुक्ताची चूक एवढीच की तिनं आठ हा आकडा सांगितला नाही. मागं आठ चक्रं आहेत हे डोळ्यांनी दिसतं, असं तिला वाटलं. शहाण्या माणसांना दिसतं ते सगळ्यांना दिसतं, असं शहाण्यांना नेहमीच वाटतं.

गुरुवारी केरबा सायकलपाशी बसला आणि मोजू लागला. चक्रं नाही मोजली. चक्रांचे दात मोजले. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा प्रत्येक दातावर चुन्याचं बोट लावत गेला. मग पुन्हा तालुक्याला गेला.

"चाचा, एकशे पन्नासची चेन द्या."

"कितीची?"

"एकशे पन्नास. मोजून आलोय. जितकं मागं जास्त, तितकी चेन बारीक. ही केसाएवढी आसंल, तवा कागदात नीट गुंडाळून द्या."

चाचांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि परत घातली. तीस वर्षांच्या दुकानदारीत त्यांनी गिऱ्हाईक पुष्कळ पाहिलं होतं.

"केरबाभाऊ, एक काम करा. जुनी चेन आहे ना? ती घेऊन या. बाजारात जाताना जुना नमुना हातात ठेवावा आणि त्याच्यासारखी वस्तू मागावी. मग फसगत होत न्हाई."

केरबानं दुसरी गाठ मारली आणि रिकाम्या हातानं घरी आला. मुक्ताला हे पटलं. ती म्हणाली, "चाचा बरोबर बोलले. उद्या जुनी चेन घेऊन जावा. हुबेहूब तशीच आणा. तसूभर फरक नको."

शुक्रवारी तो निघाला तेव्हा त्याच्या आईनं हाक मारली. "केरबा, जाता जाता काडीपेटी आणून दिऊन जा रं. चूल पेटवायचीय."

केरबानं चुलीतली एक जळकी काडी उचलली आणि वाण्याकडे गेला. वाण्यानं पेटी दिली. केरबानं उघडून पाहिली, नमुना शेजारी धरला आणि परत केली. दुसरी पाहिली, तीही परत केली. सात पेट्या झाल्या.

"एकाबी काडीचं टोक काळं न्हाई," केरबा म्हणाला. "माल बरोबर न्हाई तुमचा."

वाण्यानं मारायला किलोचं वजन उचललं तेव्हा केरबा तिथून हलला. म्हातारीची चूल त्या दिवशी शेजारच्या निखाऱ्यावर पेटली.

तालुक्यात मात्र सगळं सरळ झालं. चाचांनी जुनी चेन पाहिली, आठ चक्रांची नवी काढली आणि दोन्ही चेनींच्या कड्या मोजल्या. जुनीच्या एकशे चौदा होत्या. नवीच्या दोन जादा होत्या, त्या काढल्या.

"ही नवी आखूड दिसती," केरबा म्हणाला.

"जुनी झिजून लांबलीय भाऊ. लांबीवर जाऊ नका, कड्या बघा. झालं तुमचं काम. देवाचं नाव घ्या आणि घरी जा."

शुक्रवार होता. दुपारची अजान झाली, चाचा नमाजाला गेले. दुकानाच्या पायरीवर केरबा एकटा राहिला. मांडीवर एका बाजूला जुनी चेन, दुसऱ्या बाजूला नवी. तो निरखून पाहू लागला. जुनी दोन तुकड्यांत होती. नवी एकाच तुकड्यात. जुनीची एक कडी वाकडी होती. नवीची सरळ. जुनी काळी, नवी चकचकीत.

"चाचा म्हातारे झाले," केरबा स्वतःशी म्हणाला. "नजर गेली बिचाऱ्यांची."

पायरीवर हातोडा पडलेला होता. केरबानं जुनी चेन ज्या कडीला तुटली होती ती कडी मोजून काढली, आणि नवी बरोबर तिथंच तोडली. मग एक कडी ठोकून वाकडी केली. मग गटारातला चिखल फासला. घामाघूम झाला बिचारा. मूर्खाला मूर्खपणा फुकटात जमतो असं लोकांना वाटतं, पण त्याला मेहनत फार लागते.

संध्याकाळी त्यानं चार तुकडे मुक्तापुढे ठेवले. "वळख बघू, कोणती नवी आणि कोणती जुनी!"

मुक्तानं चारही तुकडे उचलून पाहिले. डोळ्यांत पाणी आलं. रडली नाही ती, चिडली. आणि जन्मभराचं साचलेलं बाहेर पडलं.

"अहो, नवी वस्तू अख्खी असती! एवढंबी कळत न्हाई? आता माझं एकच ऐका. तुमच्या हातात जे दिलं जाईल, ते अख्खं ऱ्हायला पायजे. म्होरं कोणबी येऊ दे, मी येऊ दे न्हाईतर देव येऊ दे, तुटू द्यायचं न्हाई! तुटलं तर उंबरठा चढू नका."

केरबा घाबरला. त्यानं तिसरी गाठ मारली. दातानं ओढून घट्ट केली.

शनिवारी मुक्तानं एक चिठ्ठी लिहिली आणि तालुक्याला शीटं भरून जाणाऱ्या वडाप जीपच्या ड्रायव्हरकडे दिली. चाचांनी चिठ्ठी वाचली, तसलीच दुसरी चेन डब्यात घातली, डबा सुतळीनं बांधला आणि ड्रायव्हरच्याच हाती परत पाठवला. केरबा त्या दिवशी घरी बसून होता, म्हणून चेन नीट पोचली. मुक्तानं ती स्वतः चढवली, पायडल फिरवलं, आठही गिअर टाकून पाहिले. चेन लोण्यासारखी फिरली. आठवड्यात पहिल्यांदा ती हसली.

आता गावाला काळजी पडली. सरपंच दौलतराव म्हणाले, "उद्या ह्या केरबाला सायकलीपासून लांब ठेवा. आसं काम द्या की ज्यात काय करायचंच न्हाई."

खूप विचार झाला. शेवटी ठरलं, केरबानं वर देवळापाशी देवाचा धागा धरून उभं राहायचं. एक टोक दीपमाळेला बांधलेलं, दुसरं केरबाच्या हातात. नुसतं धरायचं. सगळ्यांनी सरपंचांच्या अकलेची तारीफ केली. मूर्खाला काम न देण्याइतकं शहाणपण त्या गावात होतं. मान न देण्याइतकं नव्हतं.

रविवारी घाट माणसांनी फुलला. गुरवानं केरबाच्या हातात धागा दिला. "नीट धर रं बाबा. देवाचा हाय."

"काळजीच करू नका," केरबा म्हणाला, आणि तिसरी गाठ चाचपली.

ताशा वाजला. खालून सायकली निघाल्या. पहिल्या वळणावर मुक्ता आणि रखमा बरोबरीनं होत्या. दुसऱ्यावर मुक्तानं गिअर टाकला. चेन घसरली नाही, कुरकुरली नाही. शेवटच्या वळणावर, जिथं गेल्या वर्षी घात झाला होता, तिथं मुक्ता दहा हात पुढे आली. आंबेदऱ्याची माणसं नाचायला लागली. मुक्ता हँडलवर वाकून, दात खाऊन, सरळ धाग्यावर आली.

केरबानं पाहिलं. बायको वाऱ्यासारखी धाग्यावर येत होती. आता तुटणार! त्याला मुक्ताचे शब्द आठवले. म्होरं मी येऊ दे न्हाईतर देव येऊ दे. तो टुणकन दगडावर चढला आणि त्यानं धागा दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलला.

मुक्ता धाग्याखालून निघून गेली.

केरबानं सुटकेचा निःश्वास सोडला, हात खाली घेतले, कपाळाचा घाम पुसायला लागला. तेवढ्यात रखमा आली आणि तिनं धागा तोडला.

मग जो कालवा झाला तो विचारू नका. आंबेदरा म्हणे, मुक्ता पुढं होती, धागा तिनंच तोडला. निगडवाडी म्हणे, तोडला रखमानं, आणि धागा तोडंल ती पहिली, बापजाद्यांपासनं रीत आहे. बाह्या वर झाल्या. शेवटी गुरवानं हात वर केला.

"भांडू नका. धावती सायकल हाय, कुणाचा धक्का लागला ह्यात नजर फसते. धागा ज्याच्या हातात होता, त्यालाच ठावं. केरबा, देवासमोर सांग. तुझी बायको आली तवा धागा तुटला, का रखमा आली तवा?"

सगळा डोंगर केरबाकडे वळला. सरपंचांनी केरबाला डोळा मारला. निगडवाडीच्या माणसांनी माना खाली घातल्या, कारण कुठला नवरा बायकोच्या विरुद्ध बोलतो? मुक्ता सायकल धरून उभी होती. नवऱ्याकडे टक लावून पाहत होती. त्याच्या तोंडून एक शब्द निघाला की चार वर्षांनी काठी गावात परत येणार होती.

केरबा पुढे आला. अभिमानानं छाती भरून आली होती. त्यानं तिसरी गाठ सोडली आणि देवाच्या पायरीवर हात ठेवला.

"देवाशपथ सांगतो. आमच्या मंडळी गेल्या तवा धागा अख्खा होता. त्यांनी बोटसुद्धा लावलं न्हाई त्याला. तोडला तो ह्या रखमानं, आणि सगळ्यांदेखत तोडला. घ्या धाग्याचं भरून तिच्याकडनं!"