शेवटच्या वाफ्याचं पाणी

एका राज्यात सात वर्षं नदी कोरडी होती. राजाने तिचं सगळं पाणी आपल्या बागेत वळवलं, तेव्हा शेवटच्या गावातल्या एका मांत्रिकाचं शेत करपलं. रागाच्या भरात त्याने नदी उचलली, डोंगरातल्या तांब्याच्या हंड्यात कोंडली आणि शाप दिला, "शेवटचा वाफा भिजण्याआधी जो घोट घेईल, तो दगड होईल." हंडा शोधायला एकामागून एक राजपुत्र गेले. चढण चढून, राखणदार नागाशी झुंजून, हंड्याचं झाकण उचलून जीव कासावीस, समोर पाणी. ओंजळ भरली की ओंजळीसकट दगड, झाकण पुन्हा बंद. शहाणपण तहानेपुढे कुणाचं टिकलंय?

डोंगराखालच्या पहिल्या गावात चिमाक्का पाटकरीण राही. पाटाचं पाणी वाफ्यावाफ्याला वाटून देणं हे तिच्या घराण्याचं काम. तिच्या लेकीचं दूध आटलं होतं आणि तान्ही नात डोळे मिटून पडली होती. फावडं खांद्यावर टाकून चिमाक्का डोंगर चढली.

माथ्यावरची टिटवी म्हणाली, "बाई, कामं तीन. नागाला ओलांड, झाकण उचल, पाणी शेवटाला ने."

नागही तहानलेलाच होता. चिमाक्काने घामाने भिजलेला पदर पिळून त्याला पाजला, त्याने वाट दिली. झाकण हत्तीएवढं जड. फावड्याच्या दांड्याने तिने ते उचकटलं. पाणी खळाळत पाटात उतरलं. तिची जीभ टाळूला चिकटली होती, तरी तोंड फिरवून ती पाण्यापुढे धावत सुटली.

गावात लेक आनशी वाटी घेऊन पाटावर उभी होती.

"आये, दोन थेंब दे. पोर डोळे उघडंना."

"पाळी शेवटच्या वाफ्याची हाय. हात लावू नगंस, दगड होईल तिचा."

"तोवर ही गेली तर?"

चिमाक्का पाण्यापुढे धावतच राहिली. तिने मागे वळून पाहिलं नाही, पाहिलं असतं तर पाय उचललाच नसता. बांधाबांधावर माणसं कोरडे ओठ चाटत उभी होती, राजाही सोन्याचा पेला घेऊन आला होता.

"राजा, तुमची पाळी मागाहून," ती म्हणाली आणि पुढे गेली.

शेवटच्या गावात मांत्रिकाच्या शेतातला शेवटचा वाफा भिजला. डोंगरावरचे दगड माणसं होऊन उठले. "भिजला!" ही हाक बांधावरून बांधावर वर गेली. चिमाक्का चिखलात मटकन बसली आणि कान लावून राहिली. बऱ्याच वेळाने वरून उलटी हाक आली, "पोरगी रडली!"

मग चिमाक्काने ओंजळ भरली. त्यांची तहान भागली, तशी तुमची आमची भागो.